पंजाबातून आलेली सायकल

कार्तिक उजाडला की साताऱ्याच्या हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात, आणि ते आमच्या घरात सगळ्यांत आधी माझ्या नाकाला कळतं. आमची कॉलनी रस्त्यापासून बरीच आत आहे. तरी सकाळच्या गारठ्यात खिडकी उघडली की तो वास येतोच. तुटलेल्या वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, हिरवा, ओलसर वास, आणि त्याच्यामागून कुठल्यातरी कारखान्याच्या मळीचा आंबूस. माझ्या नवऱ्याला तो येत नाही. तो वाईचा, त्याच्या लहानपणात हळदीचे वास आहेत. मला मात्र तो वास आला की माझा उजवा गुडघा जागा होतो. तिथं एक जुना व्रण आहे, हनुवटीखाली दुसरा आहे, आणि दोन्ही एकाच हंगामात मिळालेले आहेत.

यंदा त्या वासाच्या मुहूर्तावरच आमच्या घरात सायकलीचा विषय निघाला. आमची सायली अकरावीत गेली आणि क्लासला जायला तिला सायकल हवी झाली. ती ऑनलाइन मागवायची, हे तिचं ठरलेलं. नवऱ्याचं म्हणणं, दुकानात जावं, वर बसून बघावं, चार प्रश्न विचारावेत. बापलेकीत जेवताना रोज तेच. तो म्हणतो, "अगं, हात न लावता वस्तू घ्यायची म्हणजे काय?" ती म्हणते, "बाबा, दुकानात दोन रंग असतात. इथं बघा." मग दोघे माझ्याकडे बघतात, कारण माझा दिवस औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लोखंडाच्या तुकड्यांची मापं तपासण्यात जातो आणि यंत्रांतलं मला कळतं असा घरात समज आहे.

"मला विचारू नका," मी म्हटलं, "माझी सायकल पंजाबातून आली होती."

ही गोष्ट त्यांना अर्धीमुर्धी माहीत आहे. पूर्ण मी कधी सांगितली नव्हती, कारण सांगायला बसले की मी हसते, आणि हसता हसता माझी गाडी भलत्याच रस्त्याला लागते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव इस्लामपूरच्या पलीकडे, दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधे रस्ता, एवढंच गाव. दादा, म्हणजे माझे वडील, फौजेत. तेव्हा ते पंजाबात होते. घरी आई, मी आणि तात्या. तात्या दादांचे धाकटे भाऊ. शेती त्यांच्याकडे, म्हणून घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच. माणूस वाईट नव्हता. पण एकदा मनात घेतलं की बैलासारखा पाय रोवून उभा राहायचा, आणि मग त्याला हलवायला त्याच्याइतकाच हट्टी माणूस लागायचा. तसा माणूस घरात होता. ती माझी आई.

मी दहावी झाले आणि इस्लामपूरला अकरावी सायन्सला नाव घातलं. पावसाळाभर एसटीनं गेले-आले. दसऱ्यानंतर कारखान्याचा भोंगा वाजला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, रस्त्यावर बैलांच्या टायरगाड्यांची रांग लागली, आणि आमच्या एसटीचं वेळापत्रक उसाखाली गाडलं गेलं. संध्याकाळची गाडी कधी येईल सांगता येईना. आली तरी गाड्यांच्या मागे मुंगीच्या चालीनं. मी घरात पाऊल टाकायचे तेव्हा तात्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात बसलेले असायचे. ते रागावत नसत. नुसते बघत. ते बघणं रागावण्यापेक्षा वाईट होतं.

एक दिवस ते बोलले. "वैनी, हंगाम संपंपतुर ह्ये असंच चालायचं. पोरगी रोज अंधारात येती. गाव बोलाय लागलंय. बास झालं आता सायन्स."

आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "येष्टी न्हाई तर सायकलनं जाईल."

"सायकलनं? त्या गाड्यांच्या गर्दीतनं?"

"व्हय. त्याच रस्त्यानं टोळीतल्या बाया चालत जात्यात न्हवं?"

तात्यांनी मग अट घातली. "बरं. दिवाळीची सुट्टी संपली की जाऊ दे सायकलनं. पर येकदा जरी पडली-झडली, तर मग कॉलेजचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," आई म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. माझ्या आयुष्याचा सौदा भाकरी उलटायच्या आत झाला होता.

दुसऱ्याच बाजाराच्या दिवशी आईनं मला इस्लामपूरला वसंतशेटच्या दुकानात नेलं. वसंतशेट म्हणजे मोठा तालेवार माणूस. सायकल विकायचा, पण बसायचा न्यायाधीशासारखा. त्याच्या दुकानात सायकल तयार मिळत नसे. छताला नुसते सांगाडे टांगलेले असत. तुम्ही सांगाडा निवडायचा. मग त्याला चाकं, सीट, मडगार्ड, कॅरिअर, जाळी, घंटी, एकेक वस्तू तुमच्यासमोर जोडली जायची आणि तुम्ही बाकावर बसून ते सगळं बघायचं. लग्नाच्या मांडवात बसल्यासारखी माणसं तिथं बसलेली असायची. शेवटी हार, नारळ, हँडलला कुंकू, आणि मग घरी.

त्यानं मला उभं केलं, चपला काढायला लावल्या. एका सायकलीवर बसवलं आणि खाली वाकून माझे पाय बघितले. "निस्ता चवडा टेकून भागत न्हाई पोरी. सगळा पाय भुईला लागला पायजे. गर्दीत थांबायचं आसंल तर सगळा पाय." मग त्यानं वरून मरून रंगाचा एक सांगाडा उतरवला, त्याच्यावर खडूनं माझं नाव लिहिलं, मंगल, आणि परत टांगला. दिवाळीनंतर या म्हणाला. घरी येताना मला एसटीत उभं राहायला जागा नव्हती, पण त्या मरून सांगाड्यावर मी केव्हाच बसले होते.

सायकलीचं मी दादांना लिहून कळवलं होतं, आणि मग त्यांचं पत्र आलं. सायकल इस्लामपुरात घेऊ नये. दुकानदार काहीही गळ्यात मारतात. इथे सायकली जिथे बनतात तिथून थेट पाठवत आहे. मधे कोणी नाही. सांगली स्टेशनावरून सोडवून घ्यावी.

मधे कोणी नाही. सायली मध्यंतरी मला फोनवर दाखवत होती, तिथं इंग्रजीत अगदी हेच लिहिलेलं होतं आणि मला दादांचं अक्षर आठवलं. वस्तू बनते तिथून आपल्या दारात, मधे कोणी नाही, याचं माणसाला फार आकर्षण असतं. मधल्या माणसाचा भरवसा नसतो, हे खरंच आहे. पण दूर बसलेल्या दादांना माझी उंची ठाऊक नव्हती. शेवटच्या सुट्टीत त्यांनी मला बघितलं तेव्हा मी वेगळीच होते. ते अंदाजानं घेणार होते, आणि लांब असलेल्या बापाच्या अंदाजात लेक एकतर फार लहान असते नाहीतर फार मोठी.

आईला मी म्हटलं, वसंतशेटला कुणाच्या तरी हाती निरोप पाठवू. ती म्हणाली, "सांगाय जाताना दोगी गेलो, मोडाय जातानाबी दोगीच जायचं." गेलो. त्यानं ऐकून घेतलं. सांगाडा उतरवला आणि तळहातानं माझं नाव पुसलं. मला रडू आलं, ते मी गिळलं.

"हरकत न्हाई," तो म्हणाला. "फकस्त येक सांगतो, वैनी. भाईरनं आनल्याल्या सायकलीला मी पाना लावत न्हाई. आजपतुर लावला न्हाई. फौजदारसायबाच्या सायकलीलाबी न्हाई."

"ठीक हाय," आई म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीतच सांगलीला जाऊन पार्सल सोडवलं. आई पुरुषमाणसाशिवाय स्टेशनावर कधी गेली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिथल्या बाबूला असं विचारलं की जणू हे स्टेशन आमच्या शेताच्या बांधावर आहे. किंतानात शिवलेलं लांबट खोकं. त्याच्यावर काळ्या रंगानं दादांनी काढलेली अक्षरं. हमालानं ते एसटीच्या टपावर चढवलं, आणि मी अख्खा प्रवासभर खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत राहिले, पडेल म्हणून. कंडक्टर म्हणाला, "आगं, मान आत घे, न्हाईतर खोकं पोचंल आनि तू न्हाई." बसमधले सगळे हसले. आईसुद्धा.

ओसरीवर आईनं सुरीच्या टोकानं किंतान उसवलं. आत सायकल नव्हती. आत लोखंड होतं. हिरवा सांगाडा, दोन चाकं तेवढी तारा भरून तयार, आणि बाकी कागदात गुंडाळलेल्या, ग्रीसमध्ये माखलेल्या, नाव नसलेल्या वस्तू. दादांनी थेट पाठवली म्हणजे खरोखरच थेट पाठवली होती. कारखान्यातून दुकानदाराकडे जाते तशी, सुट्या भागांत. तिची सायकल करणारा मधला माणूस त्यांनी स्वतःच काढून टाकला होता. एक छोटं बोचकं मात्र वेगळं होतं. दादांचा खाकी लोकरी मोजा, आणि त्याच्यात घंटी. प्रवासात चरा पडू नये म्हणून. आईनं घंटी माझ्या हातात दिली आणि मोजा स्वतःकडे ठेवला.

तात्यांनी पान चघळत तो सगळा पसारा बघितला. "झाली सायकल?" ते म्हणाले.

"हुईल," आई म्हणाली. "भावजी, तुमची सायकल जरा बघाय घेतो."

"घ्या की. बघून काय हुतंय?"

झालं असं की आम्ही तात्यांची सायकल ओसरीवर आडवी घातली आणि तिच्या शेजारी माझी मांडली. विहिरीवरच्या मोटारीचे पाने आणले. तात्यांच्या सायकलीवर जिथं जी वस्तू, तिथं माझ्या सायकलीवर ती वस्तू. आई बोट ठेवायची, मी पिळायचे. तिला अक्षरओळख बेताची, पण वस्तूशी वस्तू जुळवायला तिच्यासारखं कुणी नाही. चोळीची बाही ती नुसत्या नजरेनं बेतायची. साखळी चढवताना माझी बोटं सोलली. चाक एकदा वाकडं बसलं, काढून पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उभी राहिली, आणि आईनं मागं सरून तिच्याकडे आणि तात्यांच्या सायकलीकडे आळीपाळीनं बघितलं. हुबेहूब होती. तात्यांच्या सायकलीच्या पुढच्या ब्रेकची मूठ बारीक तारेनं हँडलला बांधलेली होती, तशी माझ्याही सायकलीची बांधली. तार शोधायला मला गोठ्यापर्यंत जावं लागलं होतं.

खोक्यात मात्र काही सामान उरलं. एक लांब सळई, घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली एक पट्टी, तिच्या टोकांना रबराचे ठोकळे, आणि मूठभर नटबोल्ट.

"ह्ये कुठं जातं?" मी विचारलं.

आईनं तात्यांची सायकल पुन्हा एकदा वरून खालपर्यंत निरखली. "कुटंच न्हाई," ती म्हणाली. "जादाचं दिलंय. पंजाबातली मानसं दिलदार असत्यात, तुजं दादा सांगत न्हवते?" तिनं ते सगळं एका पिशवीत भरलं आणि पिशवी खुंटीला अडकवली. आम्हाला दोघींना फार भरून आलं होतं. परक्या मुलखातल्या माणसांनी आमच्यासाठी जादाचं लोखंड घातलं होतं.

सायकल उंच होती. सीट पार खाली केली तरी माझे नुसते चवडे टेकत. रंग हिरवा, फौजी ट्रकचा. मला मरून हवी होती. पण सुट्टी संपली आणि मी त्या हिरव्या सायकलीवरून कॉलेजला निघाले तेव्हा मला वाटलं, आता मला कोण अडवतंय.

तो रस्ता मला अजून तळव्यांत आठवतो. गाड्यांच्या चाकोऱ्या, डांबरावर सांडलेली वाढी, उसाचा रस सांडून चिकट झालेले पट्टे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या एकसुरी आवाजात माझी घंटी. टोळीतल्या बाया उसाच्या मोळ्यांवर बसलेल्या, मांडीवर पोर, आणि मी शेजारून गेले की त्यांतली एखादी ओरडायची, "हान, पोरी, हान!" मी हाणायचे. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी घरात. तात्या ओसरीवर असायचे, आणि आता बघायला त्यांच्याकडे काही नसायचं.

कारखान्याच्या अलीकडे एक उतार आहे. तिथं एक दिवस समोरची टायरगाडी एकाएकी थांबली, आणि मी ब्रेक दाबला. मागचाच, कारण दुसरा दाबायला होताच कुठे. मागचं चाक वाढ्यांवरून घसरलं, चवडे भुईपर्यंत पोचले नाहीत, आणि मी सायकलीसकट त्या गाडीच्या मागच्या उसात घुसले. गुडघा फुटला, हनुवटी फाटली. उसाच्या पाचटीनं कान कापला तो वेगळाच.

गाडीवरची बाई खाली उतरली. म्हसवडकडची होती, तसं तिनं बोलता बोलता सांगितलं. तिनं मला उठवलं, तोंडावरून पाण्याचा हात फिरवला, सायकल उभी केली, आणि एकदम थबकली.

"आगं पोरी, ह्यो ब्रेक बांधून का ठिवलाय? बकरं हाय व्हय त्ये, पळून जाईल म्हनून?"

मी म्हटलं, असाच असतो.

"कुनी सांगितलं? तिकडं बग." तिनं रस्त्यावरून चाललेली एक सायकल दाखवली. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांच्या पुढच्या चाकावर ती नालेसारखी पट्टी होती. आमच्या खुंटीवर टांगलेली. मी रस्त्यातच उभी राहून रक्त पुसत हसायला लागले. त्या बाईला वाटलं, पोरीच्या डोक्याला मार बसला.

घरी पोचले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. तात्या उठून उभे होते. "झालं?" ते म्हणाले. "मी काय म्हनलो हुतो? कबूल क्येलं हुतं का न्हाई, वैनी?"

आई माझा गुडघा हळदीनं भरत होती. मी तिला दबक्या आवाजात ब्रेकचं सांगितलं. ती उठली, अंगणात गेली, तात्यांच्या सायकलीसमोर जाऊन वाकली, आणि मग सरळ उभी राहिली.

"भावजी, तुमच्या सायकलीला फुडचा ब्रेक कुटं हाय?"

"त्यो मी कवाच काढून टाकला. फुडचा ब्रेक दाबला की मानूस डोक्यावर पडतंय."

"आमी पोरीची सायकल तुमच्या सायकलीगत जोडली. तार सुदिक तशीच बांधली. म्हनून ती पडली." आईचा आवाज चढला नव्हता. "आता सांगा. तुमची सायकल बंद करायची, का पोरीचं कॉलेज?"

तात्यांच्या तोंडात पान होतं. ते थुंकायलाही ते विसरले. मग ते म्हणाले, "मी काय ती बघून जोडा म्हनलो न्हवतो." पण ते आईला नाही, बैलांना उद्देशून म्हणाले, आणि गोठ्यात गेले. आम्हाला कळलं की कॉलेज वाचलं. आईचं मात्र तेवढ्यावर भागणार नव्हतं. पुन्हा पडले असते तर तिच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

सकाळी ती माझ्याबरोबर निघाली. मी लंगडत, सायकल हातात धरून, आणि ती खांद्याला पिशवी लावून, सगळा रस्ता चालत. वसंतशेटच्या दुकानात तिनं पिशवी गल्ल्यावर उलटी केली. लोखंड खणखणलं.

त्यानं ते बघितलं, माझा गुडघा बघितला, सायकल बघितली. "ह्ये कुठं सापडलं?"

"खुट्टीवर हुतं."

बाकावर बसलेली माणसं हसली. तो नाही हसला. "मी सांगितलं हुतं, वैनी. भाईरच्या सायकलीला मी..."

"नका लावू," आई म्हणाली. "पाना तुमी लावूच नका. पाना पोरीच्या हातात द्या, आनि तुमी निस्तं त्वांडानं सांगा. त्वांडाचा काय न्येम न्हाई न्हवं?"

मला वाटलं, आता हाकलतो. त्यानं पायानं एक पाट माझ्याकडे सरकवला, पाना माझ्यापुढे ठेवला, आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. शब्दशः. कारण मी पहिला नट लावला तो वाकडा, आणि त्याचा हात आपोआप पुढे आला, आणि त्यानं तो परत मांडीखाली घातला. "सळई आदी. आदी सळई, म्हनलं. वरनं घाल. न्हाई, वरनं. आता पट्टी. रबर चाकाला घासाय न्हाई पायजे, आनि दाबलं की धराय पायजे. सोड. पुन्हा बांध." त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. ज्याला हातानं बोलायची सवय त्याला नुसत्या तोंडानं सांगायला लावणं ही शिक्षाच होती, आणि ती त्यानं नेम मोडू नये म्हणून सोसली.

मी जोडलं. तीनदा सोडून, पुन्हा जोडलं. मग तो दुकानाबाहेर आला आणि रस्त्यावर खडूनं एक रेघ मारली.

"लांब जा. जोरात ये. आनि हितं थांब. पयला मागचा, मग फुडचा, दोनी धर. रेगंच्या फुडं चाक गेलं तर पुन्हा."

गेलं. पुढंच गेलं. "पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा गेलं. बाकावरची माणसं उठून बाहेर आली. पुन्हा. गुडघ्यावरची हळद निघून रक्त ओघळायला लागलं. मी आईकडे बघितलं, आता ती म्हणेल, राहू दे. ती म्हणाली, "बगतीस काय? जा." मी इतकी चिडले की दोन्ही मुठी आवळून आले, आणि चाक रेघेवर थांबलं. खडूवरच. वसंतशेटनं खाली वाकून बघितलं, माझ्या पायांकडेही बघितलं. चवडेच टेकलेले होते.

"उंच घ्येतलीया," तो म्हणाला. "असू दे. पोरगी वाढंल."

आणि मी वाढले. पुढच्या हंगामात माझा सगळा पाय भुईला लागत होता. त्या हिरव्या सायकलीवर मी बारावी केली, नंतर पुढचंही बरंच केलं. तात्यांनी आपल्या सायकलीला पुढचा ब्रेक शेवटपर्यंत लावला नाही. पण पारावर ते सांगायचे, "आमची पोरगी दोनी ब्रेकानं चालती," आणि असं सांगायचे की जणू ब्रेकांचा शोध आमच्या घरात लागला. मरून सायकल मी अजूनही कुणाची दिसली की वळून बघते. हेही खरं आहे, लपवण्यात काय अर्थ.

मग चांगलं काय, दुकान की दूर? मला अजून ठरवता येत नाही, आणि ठरवावंसंही वाटत नाही. वसंतशेटनं माझे पाय बघितले, ते दादांना बघता आले नाहीत. पण वसंतशेटनं घंटीला मोजा घातला नसता. आताच्या खोक्यांत मोजा नसतो आणि दुकानात पाटही नसतो. एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे की सायकल कुठूनही येऊ दे, उतारावर ती आपल्या एकटीच्या हातात असते. ब्रेक कुठे आहे आणि तो कसा धरतो हे ज्याचं त्याला ठाऊक पाहिजे.

सायलीची सायकल आली गेल्या रविवारी. मोठं पुठ्ठ्याचं खोकं. चाक सुटं, हँडल आडवं, पेडल पिशवीत. तिनं आधी नाक्यावरच्या दुकानात चौकशी केली. तिथला तरुण मालक फार सभ्यपणे म्हणाला, "ऑनलाइनच्या आम्ही नाही जोडत, मॅडम." सायली फणफणत घरी आली. "काय माणूस आहे, आई! पैसे देऊनही नाही म्हणतो!" मला त्या मुलाचा मुका घ्यावासा वाटला.

"बाबांना म्हणावं पाने काढा," मी सांगितलं. "तू जोडणार आहेस."

"मी?"

"मी तोंडानं सांगेन."

पार्किंगमध्ये आम्ही बसलो. माझे हात पुढे जात होते, ते मी मांडीखाली घातले, आणि वसंतशेटवर तेव्हा काय गुजरली असेल ते इतक्या वर्षांनी कळलं. सायली चिडली, रडकुंडीला आली, पाना फेकला, परत उचलला. तिचा बाप दोनदा मदतीला आला, त्याला मी दोन्ही वेळा वर पाठवलं. उन्हं कलायला लागली तेव्हा सायकल उभी राहिली. तेवढ्यात गावाहून आईचा फोन. आता दादा नाहीत, तात्या नाहीत. ती एकटी त्या ओसरीवर असते आणि भाच्यानं शिकवल्यापासून फोनमध्ये तोंड बघून बोलते. सायलीनं तिला सायकल दाखवली. निळी, पातळ चाकांची, देखणी. आईनं रंगाचं काही म्हटलं नाही.

"खोकं उलटं कर," ती म्हणाली.

"आजी, रिकामं आहे ते."

"उलटं कर, म्हनलं."

सायलीनं खोकं उचलून उलटं केलं, हलवलं. दोन-तीन पुठ्ठ्याचे तुकडे पडले. आणखी काही नाही. आईनं फोनमध्ये डोळा अगदी जवळ आणून ते बघितलं. कितीतरी वर्षं तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण ती पिशवी तिच्या मनातल्या खुंटीवरून कधी उतरलीच नव्हती, हे मला त्या क्षणी दिसलं.

"उरलं न्हाई न्हवं काय?" तिनं विचारलं.

"नाही गं, आई," मी म्हटलं. "काहीच उरलं नाही."

"मग आता रेग मार," आई म्हणाली.